या अजगराचे गाव कोणते

मालवण,
१४ ऑक्टोबर १९५८

चि. हरी यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या माडांच्या बागेची राखण करणारा धोंडू, त्याच्या मुलीचे, शेवंतीचे, ठरलेले लग्न मोडायच्या बेतात आहे, आणि त्याला कारण तू अकरा वर्षांपूर्वी मला भेट दिलेले अजगराचे कातडे आहे. म्हणून हे पत्र. एरवी तुझ्या मागच्या दोन पत्रांची उत्तरे राहिली होती ती राहिलीच असती.

घडले ते असे. बेळगावची शाळा सोडून मी घरी परतले तेव्हा ते कातडे पुस्तकांच्या ट्रंकेत होते. पावसाळाभर ट्रंक उघडली नाही. आता ऊन पडल्यावर उघडली, तर कातड्यावर बुरशीची साय. मी ते बागेच्या दगडी गडग्यावर पसरून टाकले. कातड्याला ऊन द्यावे हे मी कॉलेजात शिकले होते. ते रस्त्याकडेच्या गडग्यावर देऊ नये, हा विषय आम्हांला नव्हता. कुत्री ओढून नेतील, कावळे टोचतील म्हणून धोंडूच्या हातात काठी देऊन त्याला शेजारी बसवला. तो नेमका बाजाराचा दिवस. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले की गडग्यावर चौदा फुटी अजगर उलगडून पडला आहे आणि शेजारी काठी घेऊन धोंडू बसला आहे. तिन्हीसांजेला गावभर झाले की धोंडूने बागेचा राखणदार मारला.

विहिरीपाशी वर्षातून एखादे वेळी दिसणारा तो थोरला अजगर तुला आठवत असेल. जागा तोच सांभाळतो अशी इथल्या प्रत्येकाची खात्री आहे. यंदा नेमका तो कोणालाच दिसलेला नाही.

नांदगावचे व्याही बाबू यांनी निरोप पाठवला की ज्या घराने राखणदार मारला त्या घरची मुलगी आम्ही शंकरला करून घेणार नाही, आधी गावाचा निवाडा होऊ द्या. धोंडू माझ्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, “बाई, मी कावळे हाकलीत होतंय. आता लोक माका बघून वाट बदलतत.” शेवंतीने लग्नाच्या लुगड्याला शिवलेली कोर उसवायला घेतली आहे, हे मी पाहिले.

मग मी तडक देवळात गेले, गावाची बैठक तिथेच होती. पाटी आणि खडू बरोबर घेतले होते, यावरून पुढचे तू ओळखशील. वर्ग, गण, कूळ, जाती असे सारे काढून दाखवले. आपल्या अजगराच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते, अंगावर मोठमोठे डाग असतात, याच्यावर यातले काही नाही, हेही सांगितले. आपले मानकरी गुरुदास डोळे मिटून ऐकत होते. मला वाटले एकाग्र झाले. मी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. “बाई, तुमी शिकयल्यात तां सगळां बरां. पण अजगर तो अजगर. म्हातारो झालो की रंग जाता, तुमचे नि माझे केस गेले तसो.”

तेव्हा दोन गोष्टी कर. हा तू कुठे मारलास ते नीट लिही. आणि कोणा जाणत्या माणसाकडून हा आपल्याकडचा नव्हे असा कागद आण. माझ्या शब्दाला इथे वजन नाही. ते का नाही, हे मी कोणाला विचारायला गेले नाही. उत्तर मिळाले असते.

तुझी,
विमलाताई


माझगाव, मुंबई,
२१ ऑक्टोबर १९५८

ती. विमलाताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र वाचून वाईटही वाटले आणि थोडा अभिमानही. एवढ्या वर्षांनी त्या जनावराने गाव हलवला म्हणजे ते जनावर होते खरे.

कुठे मारले हे काय विचारतेस, प्रसंग तुला पाठ आहे. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उसात. आमचे जहाज साखर भरायला लागले होते. ऊसतोडीचे गोरे मजूर ओरडत बाहेर आले, त्यांच्या मुकादमाचा कुत्रा अजगराच्या विळख्यात. सगळे पळाले. मी जहाजाचा स्टोअरकीपर, हातात फक्त पोती मोजायची लोखंडी पट्टी. त्या पट्टीने. जास्त लिहीत नाही, माणसाने आपल्या तोंडाने आपले सांगू नये.

कागदाची व्यवस्था झाली आहे. आमच्या वरच्या मजल्यावर प्रोफेसर तेंडोलकर राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. सापांवर बोलायला लागले की त्यांची बायको खिडक्या लावून घेते. ते म्हणतात, कातडे पाठवू नका, वाटेत कुजेल. मोजमाप पाठवा. पोटाकडचे रुंद खवले मानेपासून गुदद्वारापर्यंत किती, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी किती, डोक्यावरचे खवले बारीक की मोठे, रंग, पट्टे, आणि आणखी कुठे काही खूण असेल तर तिचे चित्र. तुझ्यासारखी शिकलेली बाई मोजणार म्हटल्यावर त्यांना बरे वाटले.

धोंडूला सांग, काळजी करू नको म्हणून. त्याचे नि माझे पोहणे एकाच विहिरीत झाले आहे.

तुझा,
हरी


मालवण,
२८ ऑक्टोबर १९५८

चि. हरी यास,
अनेक आशीर्वाद.

मोजमाप पाठवते आहे. ते घेताना मी परिस्थिती होती त्याहून बिघडवली, तेही कळवते.

पोटाचे खवले मोजताना दोनदा चुकले. एकदा दोनशेच्या पुढे डोळा सरकला, एकदा पोस्टमन आला. तेव्हा युक्ती काढली. कातडे पडवीत उताणे पसरायचे, ओल्या फडक्याने पुसत जायचे आणि दर दहाव्या खवल्यावर तांदळाचा एक दाणा चिकटवायचा. शेवंती ताटात तांदूळ घेऊन शेजारी बसली. मी दाणा लावी आणि आकडा मोठ्याने म्हणे. पद्धत बिनचूक होती. कोणत्याही प्रयोगशाळेत शोभली असती.

आपल्या गावात ओले दाणे चिकटवून काय करतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. देवाच्या अंगावर दाणे किंवा फुले लावायची, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडचा पडला की होकार, डावीकडचा पडला की नकार. याला कौल म्हणतात हेही मी बेळगावच्या मुलींना शिकवले आहे. फक्त पडवीत बसून मी स्वतः काय करते आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. मान वर केली तर गडग्यापलीकडे वीसएक माणसे हात जोडून उभी. तेवढ्यात वाळलेला एक दाणा निसटला. पलीकडून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, “उजवो दिल्यान.”

संध्याकाळपर्यंत दारात नारळ आले. आता गावाचे म्हणणे असे, की बाई इतकी शिकलेली असून राखणदाराची क्षमा मागते, त्या अर्थी हत्या झाली हे नक्की. धोंडू मला म्हणाला, “बाई, तुमी आता कायएक करू नको. हात जोडतंय.” तो हातही खरोखर जोडून उभा होता. शेवंतीने मात्र पडवीत तोंड फिरवून पदर तोंडाला लावला. मला वाटले रडते. हसत होती.

आता आकडे. पोटाचे रुंद खवले तीनशे बारा. मध्यावर ओळी पंचेचाळीस. डोक्यावर बारीक खवल्यांऐवजी मोठे, जोडीजोडीने बसवलेले तुकडे, कौले शाकारल्यासारखे. ओठांच्या खवल्यांत खळगे. रंग पिवळट तपकिरी, आडवे पट्टे असून नसल्यासारखे, आणि तिरपा प्रकाश पडला की सगळ्या अंगावर जांभळी झाक, रॉकेल सांडलेल्या पाण्यावर येते तशी.

आणखी एक. शेपटीच्या मुळाशी आतल्या बाजूला, डावीकडे, तीन उभ्या जांभळ्या रेघा आणि त्यांच्याभोवती अर्धवर्तुळ आहे. चित्र सोबत. बेळगावला दहा वर्षे मी मुलींना ही नराची खूण म्हणून दाखवत आले. प्रोफेसरांना विचार, की क्वीन्सलंडच्या जातीत ती सर्वच नरांत असते का.

तुळशीचे लग्न लागले की गावात मुहूर्त धरायला लागतील. त्याआधी कागद पाठव.

तुझी,
विमलाताई


माझगाव,
५ नोव्हेंबर १९५८

ती. विमलाताईस,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीच्या फराळाला ये म्हणणार होतो, पण तुझ्या पडवीतच यात्रा भरली आहे असे दिसते.

प्रोफेसरांचा कागद जोडला आहे, सहीशिक्क्यासह. तू मराठी करून वाच. थोडक्यात सांगतो. हा आपला अजगर नव्हेच. आपल्याच्या पोटाचे खवले अडीचशेच्या आसपास, याचे तीनशेच्या वर. आपल्याच्या मध्यावर ओळी साठसत्तर, याच्या पंचेचाळीस. डोक्यावरच्या मोठ्या तुकड्यांवरून तर प्रश्नच मिटला. याचे इंग्रजी नाव त्या जांभळ्या झाकेवरून, अॅमेथिस्ट रत्नाचे पडले आहे. झाडोऱ्यात राहणारा म्हणून दुसरेही नाव आहे. न्यू गिनी, तिच्या पश्चिमेची मोलुक्का बेटे आणि ऑस्ट्रेलियाचे वरचे टोक इथे सापडतो. हिंदुस्थानात नाही, कधी नव्हता.

आता भानगड. प्रोफेसर म्हणतात की हा एक साप की अनेक, हेच अजून ठरलेले नाही. क्वीन्सलंडच्या सापांना पंचवीसएक वर्षांपूर्वी वेगळे पोटनाव मिळाले, ते काही विद्वान मानतात, काही मानत नाहीत. बेटांवरचे तर दर बेटाला निराळे, कुठे पट्टेरी, कुठे पिवळे, कुठे बिनपट्ट्याचे. कोणी बसून त्यांची नीट वाटणी केलेलीच नाही. कागदावर त्यांनी तिन्ही ठिकाणे लिहिली आहेत, आणि पट्टे पाहता हा क्वीन्सलंडपेक्षा बेटांवरचा वाटतो असे शेवटी घातले आहे. मी म्हटले, साप पोहतात. ते म्हणाले, तुम्ही कुठे मारलात ते तुम्हालाच ठाऊक, मी फक्त खवले वाचतो.

तू वाचताना ऑस्ट्रेलिया तेवढे वाच. देवळात भूगोल कोण तपासणार आहे.

तुझा,
हरी


मालवण,
१३ नोव्हेंबर १९५८

चि. हरी यास,
आशीर्वाद.

देवळात भूगोलच तपासला.

मी तिन्ही ठिकाणे वाचली. लिहिलेले गाळून वाचायची सवय या वयात लागणार नाही. नांदगावचे बाबू मुद्दाम आले होते. वाचून झाल्यावर गुरुदास म्हणाले, “बरां. हंयचो न्हय. मगे खंयचो?” मी म्हटले, न्यू गिनी किंवा मोलुक्का किंवा ऑस्ट्रेलिया. ते म्हणाले, “बाई, साक्षीदारान एक गाव सांगूचा लागता. तीन गावां सांगणाऱ्याक कोर्टातसून भायर घालतत.”

मी त्यांना समजवायला गेले की शास्त्रात खात्री नसेल तर खात्री नाही असेच लिहितात, तोच प्रामाणिकपणा. गुरुदासांना ते पटले. त्यांनी मान हलवून सांगितले, “म्हणजे प्रोफेसराक पण नक्की म्हायत नाय.” सभा संपली असती तर मी यालाच विजय म्हटले असते. पण मी पुढे बोलले. मी म्हटले, कुठला हे प्रोफेसरांना ठाऊक नसले तरी मारणाऱ्याला ठाऊक आहे. माझ्या मावसभावाने, हरीने, सत्तेचाळीस साली स्वतःच्या हाताने मारला.

यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, त्याचे श्रेय मी माझ्या वक्तृत्वाला दिले. मग बाबू बोलले. “सत्तेचाळीस साली मे म्हयन्यात हरी हंयच होतो. शेतीच्या कामाक आम्ही येवत होतो. तो आणि धोंडू दिवसभर बागेत.” मग सगळ्यांनाच आठवायला लागले. हरी दर मे महिन्यात आपल्या अंगणात बसून अजगर मारल्याची गोष्ट सांगतो, हे गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. लोखंडी पट्टीसुद्धा पाठ आहे. तशी पट्टी धोंडूच्या झोपडीत दाराला अडसर म्हणून आहे, हेही कोणीतरी सांगितले. म्हणजे आता तू मारलास, इथेच मारलास, धोंडूने मदत केली, आणि बाईने दहा वर्षे बेळगावला लपवून ठेवला. माझी पाटी, तुझी गोष्ट आणि प्रोफेसरांचा कागद, तिन्ही मिळून आपण धोंडूवरचा आरोप पक्का केला आहे. इतके पद्धतशीर काम मी नोकरीत कधी केले नव्हते.

घरी येऊन प्रोफेसरांचा कागद पुन्हा वाचला. तीस वर्षे पेपर तपासले आहेत, सुटलेला प्रश्न मला दिसतो. त्यांनी माझ्या प्रत्येक मुद्द्याला ओळीने उत्तर दिले आहे, फक्त शेपटीच्या खुणेला नाही. इतका काटेकोर माणूस चित्र काढून पाठवलेली खूण विसरत नाही. मी रुमाल ओला केला आणि ती नराची खूण घासली. रुमाल जांभळा झाला. भिंग लावले तेव्हा उभ्या रेघा नव्हत्या, इंग्रजीत छापलेला एकशे अकरा हा आकडा होता. आणि अर्धवर्तुळ म्हणजे रबरी शिक्क्याची कड.

दहा वर्षे. किती मुलींनी ते वहीत काढले असेल. एका मुलीने एकदा विचारले होते की बाई, मादीला कोणता आकडा असतो. मी तिला आगाऊपणा करू नकोस म्हणून बाकावर उभे केले.

आता तुझे. हा तू मारलेला नाहीस. दुकानातला आहे. मावशीने तुझे नाव हरिश्चंद्र ठेवायची घाई केली, एवढेच मी म्हणते, जास्त नाही. शिक्का मी गावाला दाखवू शकते, पण तो पाहून गुरुदास विचारतील की मग हरी इतकी वर्षे काय सांगत होता, आणि त्याचे उत्तर मी देऊन चालणार नाही. दुकान कुठले, गाव कुठले, ते तू तुझ्या हाताने गुरुदासांच्या नावे लिही. तुझी गोष्ट जाईल. नाहीतर शेवंतीचे लग्न जाईल. यात मला वर्गीकरणाची अडचण वाटत नाही.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी देवळात शेवटची बैठक आहे. बाबू तिथेच होय की नाही सांगणार.

विमला


माझगाव,
१७ नोव्हेंबर १९५८

ती. ताईस,
नमस्कार.

गुरुदासांच्या नावचे पत्र सोबत आहे. बंद केलेले नाही. तू वाचून मग दे, चुका असल्या तर त्याही राहू दे.

ती खूण पाहून प्रोफेसर इतके हसले की त्यांची बायको खाली आली. कागदातून ती गाळा अशी विनंती मी केली होती. त्यांचा दोष नाही.

खरे सांगायचे तर मला तो ऊस आता आठवतो. कुत्रा आठवतो. त्याच्या गळ्यात पट्टा होता तोही. आमच्या जहाजावरचे माझे सगळे काम पोती मोजून पावत्या फाडायचे. चौदा वर्षे समुद्रावर काढून घरी आल्यावर माणसे विचारत, काय पाहिलेस; मी पोती पाहिली होती. म्हणून एकदा कातडे उलगडले. त्यानंतर दर मे महिन्यात तुमच्या अंगणात मला बसायला मधली जागा मिळत गेली.

येत्या मे महिन्यात मी येईन असे वाटत नाही. शेवंतीला आशीर्वाद.

हरी


मालवण,
२६ नोव्हेंबर १९५८

चि. हरी यास,
अनेक आशीर्वाद.

लग्न ठरले. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचे तू नीट वाचशील.

तुझे पत्र गुरुदासांच्या सांगण्यावरून मी देवळात उभी राहून वाचले. सिंगापूरच्या बंदरामागच्या गल्लीतले दुकान, दोन छत्र्यांबरोबर घेतलेले कातडे, दुकानदाराला विचारल्यावर त्याने समुद्राकडे हात करून नुसते ‘बेटे’ म्हटले, आणि मग ‘उसाची सगळी गोष्ट मी रचली, अजगर काय, मी आयुष्यात विंचूही मारलेला नाही’, हे सारे. तू लिहिलेस तसेच वाचले, एक शब्द सुधारला नाही. शंकर दोन दिवसांपूर्वी बोटीने आला होता. तो मुंबईच्या गोदीत कामाला आहे. त्याने कातडे उलटून शिक्का पाहिला आणि बापाला म्हणाला, “बाबा, ह्यो मालाचो नंबर. आमच्या गोदीत रोज बघतंय.” तुझ्या पत्राला तेवढी जोड पुरली.

मग मागून आवाज आला, “म्हणजे हरीन तो मारल्यान, पण भाव पाडून.” आणि सगळे देऊळ हसायला लागले. मी कोणाला गप्प केले नाही. उलट उभी होतेच, म्हणून शिक्का दाखवून सांगितले की हे मी दहा वर्षे नराचे लक्षण म्हणून शिकवले. गुरुदास म्हणाले, “बरां झालां बाई. आमच्या पोरींका बेळगावाक धाडूक नाय.” पाटी नेली नव्हती. पूर्वी असे कोणी बोलले असते तर मी तडक घरी गेले असते. या वेळी धोंडूही हसत होता, म्हणून थांबले.

पण बाबू हसले नाहीत. त्यांचे म्हणणे, इथला नव्हे हे पटले, धोंडूने मारला नाही हेही पटले. पण कुठल्यातरी जागेचा तो राखणदार होताच ना. ती जागा आज कोण सांभाळतो? आणि ज्याची जागा ठाऊक नाही असा परका राखणदार आपल्या गावात ठेवून सून आणायची कशी? मी तोंड उघडले होते. मग आठवले की प्रोफेसरांनीही याहून वेगळे काही विचारलेले नाही. कुठल्या बेटाचा ते सांगा, मग जात सांगतो. मी मात्र दीड महिना दोघांना जात सांगत फिरत होते.

मग गुरुदास उठले आणि त्यांनी देवाला गाऱ्हाणे घातले. ते तुला शब्दशः लिहून पाठवते, कारण यात तुझा वाटा आहे.

“बा देवा म्हाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” “आज जो कोण पावणो सात समुद्रापलीकडसून आमच्या हद्दीत इलो, तेचां गाव आमका म्हायत नाय, विद्वानाक म्हायत नाय, इकणाऱ्याक म्हायत नाय.” “व्हय म्हाराजा.” “तेका कोणी मारल्यान तां तो जाणे. आमच्या हातान झाला नाय. आमच्या लेकरांच्या तोंडासून कायएक खोटां इला आसात, हौसेन इला आसात, तर तां पोटात घाल.” “व्हय म्हाराजा.” “आणि ज्या खंयच्या बेटार तेची जागा आसात, थंय दुसरो कोणीतरी राखणदार बसव, आणि ती जागा सुखी ऱ्हवान दे.” “व्हय म्हाराजा.”

शेवटचा होकार मीही दिला. मोठ्याने दिला असावा, कारण शेवंतीने वळून पाहिले.

देवाला फुले लावली. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. फूल वजनाने पडते, आणि ओल सुकली म्हणजे पडते. तरी ते कोणत्या बाजूचे सुटणार हे पाहायला मी गुरुदासांच्याही पुढे सरकले होते, हे तुलाच सांगते, प्रोफेसरांना नको. उजवे पडले.

बाबूंची अट एकच, कातडे गावात राहू नये. पण टाकूनही देऊ नये, त्याच्या भाऊबंदांत ठेवावे. प्रोफेसरांच्या कॉलेजात बरण्या आणि कपाटे भरून साप आहेत, ते त्याचे भाऊबंद होतील असे मी सांगितले, ते सर्वांना मान्य झाले. न्यायचे कोणी, हा प्रश्न निघाला. टपालवाले घेणार नाहीत, आणि बोटीवर ते घेऊन जायला कोणी तयार होईना. तेव्हा शेवंती माझ्या मागून म्हणाली, “लग्न झाल्यार मी जातलंयच मुंबयक. माझ्या ट्रंकेत घाला.” बाबू सुनेकडे बघत राहिले. शंकर खाली बघत होता, पण त्याला आवडले.

तिने कोर पुन्हा शिवायला घेतली आहे.

विहिरीपाशी आपला राखणदार अजून दिसलेला नाही. धोंडू म्हणतो, दिसेल, त्याला गर्दी आवडत नाही. मी पडवीतून लक्ष ठेवते. नोंद घेण्यासाठी, दुसरे काही नाही.

आणखी, धोंडूचा निरोप. त्याच्या शब्दांत: “हरीक सांगा, मे म्हयन्यात येवकच होयो. उसाची गोष्ट आता कोण ऐकाचो नाय. ती सिंगापुरातल्या दुकानाची सांग म्हणा, भाव कसो पाडलो ती.” मधली जागा रिकामी ठेवली आहे असेही त्याने सांगितले. ये.

तुझी,
विमलाताई


सोबतचा कागद, प्रोफेसर तेंडोलकर यांच्यासाठी

मालवण, २१ डिसेंबर १९५८.

आज सौ. शेवंती शंकर, मुक्काम नांदगाव, सध्या मुंबईस निघालेल्या, यांच्या ताब्यात पुढील वस्तू दिल्या.

अजगराचे कातडे, एक. डोक्यासह. साफ केलेले, पण पोटाकडच्या खवल्यांवर तांदळाचे काही दाणे घट्ट बसले आहेत; ते खरवडू नयेत, खवला निघतो.

शेपटीच्या मुळाशी जांभळा शिक्का, आकडा १११, घासल्याने पुसट. हे नराचे लक्षण नाही.

वर हळदकुंकू आहे. ते गावाने लावले आहे आणि मी पुसलेले नाही.

कातडे ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या लुगड्याखाली ठेवले आहे. लुगडे आधी काढावे.

कपाटात लावायची चिठ्ठी मी लिहून दिली आहे, ती अशी:

मिळाले: सिंगापूरच्या बाजारात, विकत.
मारणारा: माहीत नाही.
स्थळ: माहीत नाही. मालवण नव्हे.

देणार: विमला वालावलकर.
घेणार: शेवंती. (सही तिची. नवऱ्याचे नाव लावून पहिलीच, म्हणून थोडी वाकडी आली आहे.)